तपासणी खात्यातून पाहिलेलं अवकाश

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं कवच म्हणजे २.८ मीटर व्यासाचं पोलादी नळकांडं. पाच तुकडे एकावर एक जोडले की ते वीसएक मीटर उंच होतं. पोटात १३८ टन घन इंधन, आणि भिंतीची जाडी जेमतेम आठ मिलिमीटर. इंधन पेटलं की आतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसएक पट होतो, आणि पावणेदोन मिनिटांत सगळं इंधन जळून जातं. तेवढा वेळ त्या भिंतीने आणि तिच्या प्रत्येक वेल्डिंगने टिकायचं असतं.

अशी कवचं महाराष्ट्रात बनतात. वालचंदनगर सत्तरच्या दशकापासून या कामात आहे, विक्रोळीला गोदरेजमध्ये रॉकेटची इंजिनं तयार होतात, आणि त्यांच्यामागे सुटे भाग करणारे कितीतरी लहान कारखाने आहेत. माझी सगळी नोकरी अशाच एका कारखान्याच्या तपासणी खात्यात झाली. १९८३ साली लागलो तेव्हा इन्सॅट-१बी नुकताच वर गेला होता. चांद्रयान-२ गेल्यानंतर काही काळाने निवृत्त झालो. इस्रोच्या हजेरीपटावर माझं नाव कधी नव्हतं, पण इस्रोचा माणूस ज्या कागदावर शेवटची सही करून माल उचलायचा, त्या कागदावर माझी सही आधी असायची. त्या टेबलावरून देशाचा अवकाश कार्यक्रम जसा दिसला आणि त्यातून जे कळलं, ते इथे लिहितो आहे.

१. साधनं थोडी असली तरी विचार थोडा नसावा

दर स्वातंत्र्यदिनाला दोन छायाचित्रं फिरतात. एकात थुंब्याला सायकलच्या कॅरिअरवरून रॉकेटचा शंकू नेला जातोय, दुसऱ्यात १९८१ सालचा ॲपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलाय. खाली ओळ ठरलेली असते: किती गरिबी होती आणि कुठे पोचलो! सायकलपुरतं ते खरं आहे. बैलगाडीचं कारण मात्र वेगळं. उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्या मैदानात घ्यायची होती आणि आसपासच्या धातूमुळे संदेशात अडथळा यायला नको होता. लाकडी गाडी त्याला योग्य ठरली. ते चित्र मला गरिबीचं वाटत नाही. हाताशी काय आहे आणि नेमकं काय हवं आहे, याचा मेळ घालणाऱ्या डोक्यांचं ते चित्र आहे.

थुंबा निवडलं तेही असंच विचारपूर्वक. केरळच्या किनाऱ्यावरचं हे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तिथे शंभरएक किलोमीटर उंचीवर वातावरणात विजेचा प्रवाह वाहतो, आणि त्याचा अभ्यास करायचा तर रॉकेट त्याच पट्ट्यातून सुटायला हवं. १९६२ साली विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती झाली, जागेचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधात आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकेचं होतं, त्यातलं सोडियम बाष्पाचं उपकरण फ्रान्सचं. आपली होती ती जागा आणि माणसं.

ती जागाही कोणाची तरी होती. मच्छीमारांची वस्ती होती आणि मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे साराभाईंची मागणी ठेवली आणि लोकांनी होकार दिला, हे कलाम अनेकदा सांगत. चर्चच्या इमारतीत कार्यशाळा आणि कचेरी थाटली गेली. आज तिथे अवकाश संग्रहालय आहे. एका मच्छीमार वस्तीने आपलं देऊळ सोडलं आणि त्यावर देशाचा अवकाश कार्यक्रम उभा राहिला, हे मी कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगायचो.

२. ज्यांनी दिलं त्यांच्यापर्यंत काय पोचलं, हे विचारत राहावं

साराभाईंनी कार्यक्रमाची सुरुवातच या प्रश्नापासून केली. १९७० साली शास्त्रज्ञ पिशारोटींनी हेलिकॉप्टरमधून केरळच्या नारळाच्या बागांचे फोटो घेतले आणि रोग लागलेली झाडं डोळ्यांना दिसायच्या आधी ओळखता येतात का ते पाहिलं. आपल्याकडच्या दूरसंवेदनाची ती सुरुवात. मग १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने, सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही पोचला. शेतीचे, आरोग्याचे, मुलांच्या शाळेचे कार्यक्रम, त्या त्या भाषेत. 'साइट' नावाच्या या प्रयोगाची धुरा चिटणीसांकडेच होती. स्वतःचा दळणवळण उपग्रह नसताना आधी खेड्यात त्याचा काय उपयोग होतो ते तपासायचं आणि मग उपग्रह बांधायचा, हा क्रम मला आजही थक्क करतो. पुष्कळ ठिकाणी आधी यंत्र येतं आणि मग त्याला काम शोधतात.

हर्णैला माझा एक शाळासोबती आहे, तीन पिढ्या मासेमारीतल्या घरचा. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून त्याच्या फोनवर मासळीच्या पट्ट्यांची सूचना येते: बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती मीटर खोलीवर. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचं प्रमाण उपग्रह टिपतो. थंड आणि उबदार पाणी जिथे भेटतं, जिथे शेवाळ वाढतं, तिथे मासळी जमते, हा त्यामागचा आधार. मीटरची खोली तो वहीत 'वावा'त करून घेतो, कारण त्याच्या घरात खोली वावानेच मोजतात. "पाण्याचा रंग बघून माझा बा जाळी टाकायचा," तो मला म्हणाला. "आता रंग वरून बघतात, एवढाच फरक. पण डिझेल किती वाचतं ते विचार." ढग दाटले की ही सूचना मिळत नाही, कारण उपग्रहाला खालचं पाणीच दिसत नाही. तेव्हा तो बापाच्याच पद्धतीने जातो.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूने आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या बोटी वेळेत आत आल्या. घरांचे पत्रे गेले, सुपारीच्या बागा झोपल्या, नुकसान भयंकर झालं. पण वादळ कुठे आहे आणि कुठे वळतंय हे आधीच दिसत होतं. अवकाशावर खर्च कशाला, असं कोणी विचारलं तर मी हर्णैचं नाव सांगतो.

३. दोष दिसला की तो कागदावर आलाच पाहिजे

मला या नोकरीने शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कवचाचं पोलाद साधं नसतं. त्याला मॅरेजिंग स्टील म्हणतात. त्यात अठरा टक्के निकेल असतं आणि कार्बन जवळपास नसतोच. ते हैदराबादच्या मिधानीतून येतं तेव्हा त्या मानाने मऊ असतं, त्यामुळे त्याची पत्र्यासारखी गुंडाळी करता येते, ते कापता येतं, वेल्ड करता येतं. सगळं झालं की भट्टीत ४८० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात आणि तेव्हा कुठे त्याला खरी ताकद येते. भट्टीतून बाहेर आलेल्या कवचाची दुरुस्ती महाकठीण. त्यामुळे जे काही पकडायचं ते भट्टीच्या आधी.

वेल्डिंगचे एक्स-रे काढतात. अंधाऱ्या खोलीत प्रखर दिव्याच्या पेटीवर फिल्म ठेवायची आणि भिंग घेऊन इंच-इंच पाहायची. वेल्डिंगच्या धातूत हवेचा बुडबुडा अडकला असेल तर फिल्मवर तो काळ्या ठिपक्यासारखा उमटतो, कधी सुईच्या टोकाएवढा. किती ठिपके, किती मोठे, एकमेकांपासून किती दूर, याच्या मर्यादा ठरलेल्या असतात.

एकदा महिनाअखेरीला एका तुकड्याच्या फिल्मवर असे दोन ठिपके जवळजवळ दिसले. माल त्याच आठवड्यात जायचा होता. उत्पादन खात्यातला एक अधिकारी खोलीत आला आणि म्हणाला, "मर्यादेतच बसतंय ना? मग लिहिता कशाला? एनसीआर काढला की पंधरवडा गेला." एनसीआर म्हणजे मालात काय बसत नाही ते नोंदवणारा कागद. तो निघाला की प्रश्न वरपर्यंत जातो. त्या वेळी तिरुवनंतपुरमहून आलेले इस्रोचे एक वयस्क तपासनीस माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी आवाज न चढवता उत्तर दिलं: "मर्यादेत बसतंय की नाही ते आपण सगळे मिळून ठरवू. पण कागदावर आलंच नाही तर ठरवायला काही उरणारच नाही."

मी लिहिलं. समितीने पाहिलं, तेवढा भाग कोरून पुन्हा वेल्ड करायला सांगितलं, पुन्हा फिल्म निघाली. त्या अधिकाऱ्याची घाई मला समजत होती, त्याच्यावर वरून दडपण होतं. पण त्या तपासनिसांनी मला जे दिलं ते पुढच्या सगळ्या नोकरीत पुरलं. यंत्रणा शाबूत आहे की नाही, हे दोष किती निघतात यावरून कळत नाही. दोष पाहणारा धाकटा माणूस तो लिहायला घाबरतो का, यावरून कळतं.

भट्टीनंतर कवचात पाणी भरून त्यावर नेहमीच्या वापरापेक्षा जास्त दाब देतात. बाहेरून संवेदक चिकटवलेले असतात. ते धातूच्या आतले अतिसूक्ष्म आवाज टिपतात, कारण तडा वाढायला लागला की धातू 'बोलतो'. त्या चाचणीच्या वेळी शेडमध्ये कोणी मोठ्याने बोलत नसे. सक्ती नव्हती, आपोआप व्हायचं.

४. सांध्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवावं

२८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सात माणसं गेली. आम्ही तेव्हा पीएसएलव्हीच्या कवचावर शिकत होतो. चॅलेंजरचं घन इंधनाचं रॉकेटही तुकड्या-तुकड्यांचंच होतं. दोन तुकड्यांच्या सांध्यात रबराची कडी बसवलेली असते. आदल्या रात्रीच्या कडाक्याच्या थंडीने ती कडी ताठरली, सांधा बंद करू शकली नाही आणि आतला जाळ बाहेर आला. सर्वांत वाईट वाटलं ते पुढे चौकशीत आलेलं: रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच 'या थंडीत उडवू नका' असं सांगितलं होतं, आणि त्यांच्या वरिष्ठांनी ते फिरवलं.

तेव्हापासून कडीची खाच तपासताना माझा हात सावकाश फिरू लागला. सुती हातमोजा घालून खाचेवरून बोट फिरवायचं. कुठे बारीक कंगोरा असेल तर सुताचा धागा अडकतो. मोजमापाची उपकरणं असतातच, पण धाग्याला जे कळतं ते कधीकधी आधी कळतं.

गगनयानची माणसं ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवरून जाणार आहेत, त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० ही घन इंधनाची रॉकेटं असतात. प्रत्येकी तीन तुकडे, ३.२ मीटर व्यास, २०० टनांहून जास्त इंधन. एकदा पेटलं की ते विझवता येत नाही. म्हणून या सांध्यांची आठवण मी मुद्दाम करून देतो.

५. अपयशाच्या दिवशी वरिष्ठाने समोर यावं

१० ऑगस्ट १९७९ ला आपलं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः बसले आणि जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा धवनांनी प्रकल्पप्रमुख असलेल्या कलामांना पुढे केलं. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत सांगितली जाते, मी ती पुन्हा रंगवत नाही.

तिचा कमी सांगितला जाणारा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पहिल्या वेळी संगणकाने उलटी गणती थांबवली होती. तज्ज्ञांनी सांगितलं की चिंता नाही, आणि कलामांनी उड्डाण पुढे नेलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून गळती झालेली होती. हे कलामांनी स्वतः, मोठेपणी, राष्ट्रपती झाल्यावरही जाहीर सभांमधून सांगितलं. वरिष्ठाने ढाल धरली म्हणून खालच्याला खरं बोलता आलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

६. थांबवणाऱ्याचा मान उडवणाऱ्याइतकाच

१५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं उड्डाण ५६ मिनिटं आधी थांबवलं. सारा देश जागा होता. लोक हिरमुसले. यान आठवड्याने, २२ जुलैला नीट गेलं.

२१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. उलटी गणती पाच सेकंदांवर असताना संगणकाने स्वतःहून थांबवली. कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि त्याच सकाळी चाचणी पार पडली. २०२५ च्या जूनमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला ज्या रॉकेटवरून अवकाश स्थानकात जाणार होते, त्या परदेशी रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती निघाली. ती पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह इस्रोच्या पथकाने धरला, असं अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितलं. १९७९ पासून २०२५ पर्यंतचं अंतर मला या एका आग्रहात दिसतं.

७. नाकारलेल्या गोष्टीची किंमत विसरू नये

क्रायोजेनिक इंजिनाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: अमेरिकेने अडवलं ते बरंच झालं, आपण स्वतः शिकलो. मला ते पटत नाही.

१९९१ साली सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉस संस्थेशी करार झाला. इंजिनं आणि ती बनवण्याची विद्या, दोन्ही मिळणार होतं. अमेरिकेने क्षेपणास्त्र-नियंत्रणाचं कारण पुढे करून निर्बंध लावले आणि १९९३ मध्ये करार बदलला. इंजिनं सात मिळाली, विद्या नाही. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवायचा, ऑक्सिजन उणे १८३ वर, आणि दोन्ही प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पंपांनी एकत्र आणायचे. त्या थंडीत धातू आकसतात, व्हॉल्व्ह अडकतात, वंगण गोठतं. कागदावरची विद्या मिळाली असती तरी काही वर्षं लागली असती. ती नाकारल्यावर वीस लागली.

१५ एप्रिल २०१० ला आपल्या इंजिनाचं पहिलं उड्डाण फसलं. इंधन पुढे ढकलणारा पंप थांबला होता. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी रशियन इंजिन लावलेलं जीएसएलव्ही रॉकेटही कोसळलं. १९ ऑगस्ट २०१३ ला पुन्हा उभं केलेलं रॉकेट उड्डाणाच्या सव्वा तास आधी थांबवलं, कारण दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतून इंधन गळत होतं. इथे तपासणीवाल्याने टिपून ठेवावी अशी गोष्ट घडली: नुसती गळती बुजवली नाही, टाकीचा मिश्रधातूच बदलला. महिनोन्‌महिने काम झालं आणि ५ जानेवारी २०१४ ला आपल्या इंजिनाने उपग्रह कक्षेत नेला. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी ज्यांचा या इंजिनाशी काडीचा संबंध नव्हता तेही टाळ्या वाजवत होते.

जिद्द खरीच, आणि तिचा अभिमानही मला पुरेपूर आहे. पण त्या वीस वर्षांत आपले जड उपग्रह परदेशी रॉकेटांवरून, त्यांच्या दराने गेले, आणि एका पिढीतल्या इंजिनिअरांची उमेद त्या एका दारावर धडका देण्यात खर्ची पडली. आज सेमिकंडक्टरपासून विशेष मिश्रधातूंपर्यंत जे जे बाहेरून येतं, त्याची यादी ही आठवण ठेवून करावी.

८. एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं, असं नसतं

एएसएलव्ही रॉकेट १९८७ आणि १९८८ मध्ये फसलं. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं, दुसरं १५ ऑक्टोबर १९९४ ला यशस्वी झालं. मग याच रॉकेटने चांद्रयान-१ नेलं, मंगळयान नेलं, १५ फेब्रुवारी २०१७ ला एका फेरीत १०४ उपग्रह नेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये उष्णता-कवच उघडलंच नाही आणि उपग्रह आतच अडकला. १८ मे २०२५ ला तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन आणखी एक उपग्रह गेला. शंभर वेळा केलेलं कामही पहिल्यांदा करतोय अशा नजरेने तपासावं लागतं, आणि माणसाच्या स्वभावाला हे सगळ्यात जड जातं.

चांद्रयान-२ चा विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रावर आदळला, त्यानंतरचं काम मला म्हणूनच आवडतं. 'काय नीट चालेल' याऐवजी 'काय काय बिघडू शकतं' यावर पुढचं यान बेतलं. उतरायची जागा आधी ५०० मीटर गुणिले ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, वेग मोजणारं नवं लेसर उपकरण बसवलं. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं. शेजारच्या घरात फटाके वाजले, आणि मी चार वर्षांपूर्वीचे कागद नीट लिहिणाऱ्यांना मनोमन नमस्कार केला.

९. 'स्वस्त' हा शब्द जपून वापरावा

मंगळयान ४५० कोटींत झालं. हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा कमी, असं आपण जगाला सांगितलं. तो पैसा वाचला त्याला कारणं होती: आधीच्या यानाचा सांगाडा वापरला, चाचणीसाठी जास्तीच्या प्रतिकृती बांधल्या नाहीत, लोकांनी रात्रीचे दिवस केले. यानाने २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठली, त्याबद्दल कौतुक करावं तेवढं थोडं.

पण यानात माणूस बसला की हा हिशेब चालत नाही. गगनयानचा खर्च २०१८ मध्ये ९,०२३ कोटी धरला होता, २०२४ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून तो २०,१९३ कोटींवर नेला. मला हा आकडा खटकत नाही. त्यात माणूस बसवण्याआधीच्या रिकाम्या उड्डाणांचा, चाचण्यांचा आणि तयारीचा खर्च आहे. २०३५ पर्यंत भारतीय अंतराळ स्थानक, २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, चंद्रावरची माती आणणारं चांद्रयान-४, शुक्राकडे जाणारं यान, नवं मोठं रॉकेट: एवढी कामं समोर आहेत. त्यांच्याबद्दल बोलताना 'किती स्वस्तात' हा प्रश्न शेवटी यावा.

१०. पोरांना उड्डाणाबरोबर वर्कशॉपही दाखवावं

श्रीहरिकोट्याला २०१९ पासून लोकांना उड्डाण पाहण्यासाठी गॅलरी उघडली आहे. पाच हजार माणसं बसतात. जरूर जावं. सुळ्ळुरुपेटहून पुलिकत सरोवर ओलांडून त्या बेटावर जाताना वाटेत रोहित पक्षी दिसले तर दिवस सार्थकी लागतो.

पण मुलाला यात यावंसं वाटलं तर त्याला हेही कळू द्या की इथे वेल्डर लागतो, फिटर लागतो, फिल्म वाचणारा लागतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी बांधलेला एक किलोचा 'स्वयम्' उपग्रह २०१६ च्या जूनमध्ये वर गेला, पवईच्या आयआयटीचा 'प्रथम' सप्टेंबरमध्ये. अवकाशाचं क्षेत्र २०२० पासून खाजगी कंपन्यांना खुलं झालं आहे आणि त्यांना भोसरी-चाकणसारख्या ठिकाणचे कुशल हात हवे आहेत. चिटणीस कोल्हापूरचे. थुंब्याच्या केंद्राचे संचालक झालेले आणि घन इंधन देशातच बनावं म्हणून राबलेले वसंत गोवारीकर पुण्याचे. त्याच केंद्राचे पुढचे एक संचालक प्रमोद काळे, तेही मूळचे पुण्याचे. ही नावं मुलांना माहीत हवीत, आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलालाही हे दार आपलं वाटायला हवं.

शेवटची विनंती इस्रोला आणि तुम्हा वाचकांनाही. २०२१ साली जीएसएलव्ही-एफ१० फसलं तेव्हा हायड्रोजनच्या टाकीवरच्या व्हॉल्व्हची गळती कशी झाली, हे इस्रोने जाहीर केलं. २०२२ साली छोट्या एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं तेव्हाही काय बिघडलं ते लोकांना समजेल असं सांगितलं, आणि सहा महिन्यांत तेच रॉकेट यशस्वी केलं. प्रत्येक अपयशाचा अहवाल असाच, सविस्तर, लोकांसमोर यावा. माणसं वर जाणार आहेत, त्यामुळे यापुढे ते जास्तच गरजेचं आहे. आणि एखादं रॉकेट कोसळल्याची बातमी वाचलीत तर हळहळून किंवा चिडून थांबू नका. तिचा अहवाल कधी येणार, ते विचारा.